सिगारेटच्या पाकिटातले पक्षी, मासे आणि फुलं: जुनी कार्डं ओळखणं, तपासणं, जपणं

शिळाछाप (धागाकर्ता)

सिगारेट कार्डांचा, म्हणजे पाकिटातून मिळणाऱ्या चित्रकार्डांचा, विषय निघाला की गाडी होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूच्या त्या एका महागड्या कार्डापाशी जाऊन थांबते. हा धागा त्यासाठी नाही. पक्षी, मासे, फुलपाखरं, रानफुलं, चतुष्पाद प्राणी यांच्या संचांबद्दल इथे बोलू. छपाई म्हणून, चित्र म्हणून आणि जाहिरातीचा इतिहास म्हणूनही ही कार्डं फार मोलाची आहेत.

थोडी पार्श्वभूमी. १८८०च्या आगेमागे अमेरिकेत सिगारेटी मऊ कागदी पाकिटात मिळत. खिशात त्या चेंगरू नयेत म्हणून आत जाड कागदाचा एक तुकडा घालत. तो तुकडा कोराच का ठेवायचा, या विचारातून त्यावर चित्र आलं. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या अ‍ॅलन अँड जिंटर कंपनीने ५०-५० चित्रांचे संच काढून त्याला जमवण्याच्या छंदाचं रूप दिलं. त्याच दशकात बॉन्सॅकचं सिगारेट वळणारं यंत्र आलं. हाताने वळणारा कामगार मिनिटाला चारेक सिगारेटी करी, तर हे यंत्र दिवसाला १,२०,००० करू शके. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक तंबाखू कंपनीने ते आधी अंगीकारलं. माल एवढा निघू लागल्यावर गिऱ्हाईक धरून ठेवायला काहीतरी हवंच होतं, आणि ५० पैकी ४३ जमलेला माणूस सहसा ब्रँड बदलत नाही.

पक्षी आणि मासेच का? सुरुवातीच्या कार्डांवर नट्यांची छायाचित्रं भरपूर असत आणि त्यावर टीकाही होई. ड्यूक कंपनीचा संस्थापक खुद्द वॉशिंग्टन ड्यूकने १८९४ मध्ये आपल्या मुलाला पत्र लिहून असल्या चित्रांबद्दल नाराजी कळवली होती. पक्ष्यांच्या चित्राला घरात कोणी हरकत घेत नाही. ते मुलांच्या हातात जातं आणि वर शैक्षणिकही ठरतं. म्हणजे निसर्गचित्रामुळे तंबाखूच्या जाहिरातीला घरात प्रवेश मिळाला, आणि मुलं वडिलांच्या पाकिटाची वाट पाहू लागली. कार्ड कितीही सुंदर असलं तरी ते या कामासाठी छापलं होतं, हे विसरून त्याकडे बघता येणार नाही.

अ‍ॅलन अँड जिंटरचे मुख्य निसर्गसंच असे: ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ (१८८८), ‘वाइल्ड अ‍ॅनिमल्स ऑफ द वर्ल्ड’ (१८८८), ‘बर्ड्स ऑफ द ट्रॉपिक्स’, ‘गेम बर्ड्स’ आणि ‘फिश फ्रॉम अमेरिकन वॉटर्स’ (तिन्ही १८८९), ‘साँग बर्ड्स ऑफ द वर्ल्ड’ आणि ‘क्वाड्रुपेड्स’ (दोन्ही १८९०). लहान कार्ड ३८ × ७० मिलिमीटर. काही संचांची मोठी आवृत्तीही आहे, ती साधारण ७३ × ८३.

जेफरसन बर्डिक या संग्राहकाने दिलेले क्रमांक आजही चालतात. ‘एन’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, ‘टी’ म्हणजे विसाव्या. बर्ड्स ऑफ अमेरिका एन-४, फिश एन-८, गेम बर्ड्स एन-१३. हा क्रमांक कार्डावर छापलेला नसतो, तो फक्त सूचीतला. विक्रेत्याशी बोलताना मात्र तोच वापरा, कारण एकाच नावाचे संच अनेक कंपन्यांनी काढलेत.

---

रानपिंगळा

उत्तम धागा. पक्षीनिरीक्षकांसाठी एक भर घालतो, कारण ही चित्रं हल्ली ‘तेव्हा तिकडे असे पक्षी होते’ म्हणून पुढे ढकलली जातात.

या कार्डांना नोंद समजू नका. चित्रकार रानात जाऊन काढत नसे. समोर असायच्या आधी छापलेल्या पक्षीग्रंथांतल्या पट्टिका, किंवा पेंढा भरलेले नमुने. त्यातून आलेल्या चुका ठरावीक आहेत. पहिली मापाची: चिमुकला गाणारा पक्षी आणि टर्की दोघेही कार्डभर, त्यामुळे आकाराचा अंदाज शून्य. दुसरी शेपटीची: लांब शेपटीचा पक्षी ३८ मिलिमीटर रुंदीत मावत नाही म्हणून तो उभा, तिरका नाहीतर मान वळवून बसवलेला असतो. ती पक्ष्याची सवय नव्हे, कागदाची अडचण. तिसरी रंगाची, ती छपाईतून येते आणि त्यावर धागाकर्ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

नावांचंही बघा. इंग्रजी सामान्य नावं गेल्या सव्वाशे वर्षांत बरीच बदलली. पाठीवर शास्त्रीय नाव असलं तरी तेही जुनं असू शकतं, तेव्हा आजच्या सूचीत त्याचा समानार्थी शोधायचा आणि मगच जात ठरवायची.

याउलट इंग्लंडमधल्या विसाव्या शतकातल्या संचांचा मजकूर पुष्कळ काळजीपूर्वक लिहिलेला आहे. विल्स या ब्रिटिश तंबाखू कंपनीचा ‘फिश अँड बेट’ (१९१०) घ्या: पुढे मासा आणि त्याच्यासाठीचं आमिष, मागे तो कुठे आणि कसा धरायचा. प्लेयर्स या तिथल्याच दुसऱ्या कंपनीचा ‘क्युरियस बीक्स’ (१९२९) तर चोच या एकाच अवयवावर आहे. शाळेत लावावा असा संच.

---

शिळाछाप

रंगाचं सांगतो. १८८०-९०ची कार्डं रंगीत शिळाछापाची आहेत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आधी पिवळ्यासारखे फिके रंग, मग गुलाबी, लाल, निळा आणि बहुधा शेवटी बाह्यरेषेचा गडद दगड. मधल्या छटा आणायला कारागीर हाताने ठिपके देत असे. पक्ष्याच्या छातीवरचा करडा रंग बहुतेकदा करडा नसतोच. निळे, गुलाबी आणि तपकिरी ठिपके शेजारी बसवून डोळ्याला करडा भासवलेला असतो. आठ-दहा दगडांत बसेल तेवढंच रंगवैभव. पिसांची धातूसारखी झळाळी त्यात येणं अशक्य, म्हणून तिथे ठळक हिरवा किंवा जांभळा दिसतो.

एक दगड केसभर सरकला की चोचीबाहेर पिवळी कड दिसते. ती खोटेपणाची खूण नाही. सरकलेली छपाई त्या काळात सर्रास पाकिटात जायची, फक्त आज तिची किंमत कमी धरतात.

हेच तंत्र आपल्याकडे रविवर्मा छापखान्यात होतं, आधी मुंबईत आणि १८९९पासून लोणावळ्याजवळ मळवलीला. ज्यांच्या घरी त्या छापखान्याचं जुनं देवाचं चित्र आहे त्यांनी गालावर भिंग धरून पाहावं. ठिपक्यांची तीच जात दिसेल, आणि कार्ड तपासायला डोळा आपोआप तयार होईल.

---

मोडीवाचक

मुंबईच्या चोर बाजारात किंवा ऑनलाइन सुटं कार्ड मिळालं तर ते अस्सल की पुनर्मुद्रण, हे घरच्या घरी कसं ठरवायचं? यंत्रसामग्री काही नाही, फक्त एक १०पट भिंग आहे.

---

कागदवेल्हाळ

भिंगासोबत वर्नियर कॅलिपर आणि ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी असली की घरापुरतं काम होतं. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी माप. अमेरिकन लहान कार्ड ३८ × ७०, ब्रिटिश नेहमीचं ३६ × ६८, ब्रिटिश मोठं ६२ × ७९. अर्धा-पाऊण मिलिमीटर फरक जुन्या कापणीत असतोच. त्याहून कमी भरलं तर कडा छाटल्यात. झिजलेले कोपरे लपवायला हे करतात. छाटलेली कड भिंगाखाली पांढरी, ताजी दिसते. मूळ कड चारही बाजूंनी सारखी पिवळसर असते. तीन कडा जुन्या आणि एकच गोरी असेल तर कार्ड परत ठेवा.

मग पाठ. लोक चित्र बघतात आणि पाठ सोडतात, तिथेच फसतात. अ‍ॅलन अँड जिंटरच्या बऱ्याच कार्डांच्या पाठीवर संचातल्या ५० चित्रांची यादी असते. आपल्या कार्डाचं नाव त्या यादीत हवं. पाठ कोरी, किंवा मागे दुसऱ्याच चित्राचा तुकडा असेल तर ते बहुधा अल्बमच्या पानातून कापलेलं आहे. कंपनी कूपनांच्या बदल्यात छापील अल्बम देत असे, त्यांच्या पानांवर कार्डांचीच चित्रं छापलेली असत. कागद पातळ लागतो. वस्तू जुनी खरी, पण कार्ड नव्हे, आणि किंमतही तशीच द्यायची.

आधुनिक पुनर्मुद्रणांवर बहुतेक वेळा तसं छापलेलं असतं. ती ओळ खरवडलेली असू शकते. खरवडलेली जागा प्रकाशात तिरपी धरली की कागदाचे तंतू उभे दिसतात.

शेवटी अंधारात अतिनील प्रकाश. साधारण १९५०नंतर कागदात उजळपणा आणणारी रसायनं सर्रास आली, तो कागद निळसर-पांढरा चमकतो. जुना कागद मंद पिवळट राहतो. चमकला तर बाद. न चमकणं हा मात्र पुरावा नाही, कारण असली रसायनं नसलेला कागद आजही मिळतो. आणि कार्ड आधी प्लास्टिकच्या कप्प्यातून बाहेर काढा, नाहीतर प्लास्टिकचीच चमक दिसते.

---

शिळाछाप

यात भिंगाची अट घालायला हवी. आजच्या छपाईत रंग ठिपक्यांच्या नियमित जाळीने उतरतात, म्हणून ‘भिंगाखाली जाळी दिसली म्हणजे नकली’ असं सांगतात, पण हा नियम एकोणिसाव्या शतकातल्या शिळाछापापुरताच खरा. विसाव्या शतकात जाळीची छपाई आली आणि १९२०-३०च्या दशकातल्या अस्सल विल्स-प्लेयर्स कार्डांवरही ती सापडते. १९३५च्या ‘सी फिशेस’वर जाळी बघून ते नकली ठरवणं चूक. तिथे माप, पाठीचा मजकूर, कागद आणि अतिनील प्रकाश यांवरच भिस्त.

एन-४ वर जाळी दिसली तर मात्र पुढचं काही तपासायची गरज नाही. शिळाछापाचे ठिपके गहू पेरल्यासारखे कुठे दाट कुठे विरळ पडतात, एका ओळीत सहसा नाहीत.

---

मोडीवाचक

धन्यवाद. ब्रिटिश कार्डांचा काळ कसा ठरवायचा? त्यांच्यावर वर्ष कुठेच दिसत नाही.

---

कागदवेल्हाळ

वर्ष नसतंच. पाठीवर खाली ‘इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ ग्रेट ब्रिटन अँड आयर्लंड’ अशी ओळ आहे का ते बघा. अमेरिकन टोबॅको कंपनी या बड्या तंबाखू ट्रस्टने १९०१ मध्ये लिव्हरपूलची ऑग्डेन्स कंपनी घेतली, तेव्हा विल्स, प्लेयर्स आणि इतर मिळून १३ ब्रिटिश कंपन्यांनी इम्पीरियल काढली. त्यामुळे ती ओळ असेल तर कार्ड त्यानंतरचं. यांपैकी एखाद्या कंपनीच्या कार्डावर ओळ नसेल तर दोन शक्यता: एकतर त्याआधीचं, किंवा परदेशी बाजारासाठी काढलेलं. १९०२ मध्ये दोन्ही पक्षांत तह होऊन ब्रिटिश अमेरिकन टोबॅको स्थापन झाली आणि बाहेरचा बाजार तिच्याकडे गेला, म्हणून बाहेरच्या कार्डांवर ती ओळ नाही. हे विक्रेत्यांना ठाऊक नसतं. ओळ नाही म्हणून ‘१९०० आधीचं’ असं सांगून जास्त पैसे मागतात.

आणखी दोन खुणा. युद्धातल्या कागदटंचाईने १९१७ मध्ये कार्डं थांबली ती १९२२ला परत आली. विल्सचा ‘ब्रिटिश बर्ड्स’ या खंडाच्या आधीचा, ‘वाइल्ड फ्लॉवर्स’ (१९२३) नंतरचा. पाठीला डिंक असेल तर कार्ड १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचं. तेव्हा एका पेनीला अल्बम मिळे आणि कार्ड ओलं करून त्यात चिकटवत. १९४०च्या सुरुवातीला सगळंच बंद पडलं.

१९३०च्या दशकातले संच प्रचंड छापले गेले आणि लोकांनी ते जपूनही ठेवले. ‘बर्ड्स अँड देअर यंग’ (१९३७) हा दुर्मीळ नाही, कोणी काहीही म्हणो.

---

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. एका जुन्या अल्बममध्ये चिकटवलेली विल्सची फुलपाखरं मिळाली आहेत, १९२७चा ‘ब्रिटिश बटरफ्लाइज’. पाठ वाचायची आहे. पाण्यात टाकून सोडवली तर चालतील का? काही ठिकाणी बिनधास्त टाका असं लिहिलंय.

---

कागदवेल्हाळ

बिनधास्त नाही. आधी चिकटवायला काय वापरलंय ते बघा. अल्बममधला एखादा निरुपयोगी कोपरा पाण्याच्या थेंबाने ओला करा. दहा मिनिटांत चिकट, बुळबुळीत झाला तर खळ किंवा डिंक, पाण्याने सुटेल. काहीच फरक पडला नाही, किंवा तपकिरी रबरासारखा थर दिसला, तर पाण्याने सुटणार नाही. ओढाल तर पाठीचा मजकूर अल्बमला राहील.

खळ असेल तर सगळ्यात साधं आणि खराब झालेलं एकच कार्ड आधी घ्या. अल्बमचं पान कार्डाभोवती बोटभर सोडून कापा, कार्ड ओढू नका. पसरट ताटलीत कोमट डिस्टिल्ड पाणी, चित्र वर. २० ते ३० मिनिटांनी अल्बमचा कागद आपण होऊन सरकू लागतो. सरकला नाही तर पाणी बदलून आणखी थांबा, नखाने खरवडू नका. सुटल्यावर पाठीवरची उरलेली खळ मऊ ब्रशने पाण्यातच काढा. ती राहिली तर वाळताना कार्ड टिपकागदाला चिकटतं आणि दमट हवेत कसरीला बोलावणं जातं. मग दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर सपाट वजन. पहिला टिपकागद अर्ध्या तासाने बदला, दुसरा तीन-चार तासांनी, नंतर २४ ते ४८ तास हात लावू नका. घाईने उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं की कार्ड पन्हाळीसारखं वळतं.

---

शिळाछाप

१९२७च्या संचाला हे ठीक, पण ही पद्धत अ‍ॅलन अँड जिंटरच्या कार्डांना लावू नका. त्यांच्या पृष्ठभागावर गुळगुळीत लेप असतो. शाई तेलकट असल्याने ती पाण्यात जात नाही, पण खालचा लेप मऊ होऊन शाईसकट सुटून येऊ शकतो. ते कार्ड अल्बमच्या पानासकट तसंच राहू द्या. फारच मोलाचं असेल तर कागद-संवर्धकाकडे न्या.

रेशमाची कार्डंही पाण्यात नकोत. जे. विक्स कंपनीने केन्सिटास सिगारेटींबरोबर १९३०च्या दशकात विणलेली रेशमी फुलं दिली होती, पहिल्या मालिकेत ६०, प्रत्येक फूल छापील कागदी घडीत. त्या घडीशिवाय फुलाची किंमत बरीच उतरते. रेशीम घडीतून वारंवार बाहेर काढलं की कडेचे धागे सुटतात.

---

कुळागर

गोव्यातून. इथे जून ते सप्टेंबर घरात आर्द्रता ८५-९० टक्के. साठवणीचं कोणी नीट सांगेल का? परदेशी सल्ला ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ यापुढे जात नाही.

---

कागदवेल्हाळ

आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते, म्हणजे आपल्याकडे चार महिने. सगळी खोली कोरडी करायचा नाद सोडा, एक डबा कोरडा ठेवा.

कार्डं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या कप्प्यांत. पीव्हीसी अजिबात नको. ते मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येऊन शाईला चिकटतं, आणि जुनं पीव्हीसी आम्ल सोडतं. उघडल्यावर नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला तर बहुधा पीव्हीसीच. कप्प्यांची पानं उभी ठेवा. आडवी रचली की खालच्या कार्डांवर दाब येतो.

ही पानं रबरी गॅस्केटच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत केशरी सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये हवा. डबा पावसाळ्यात भरू नका. कागदाने आधीच शोषलेली ओल आतच कोंडते. मार्च-एप्रिलमध्ये, कोरड्या दुपारी भरा. जेल हिरवं पडलं की ११०-१२० अंशांवर दोनेक तास ओव्हनमध्ये तापवा, पुरतं थंड झाल्यावरच परत ठेवा. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, तिथे ओल येते.

डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते आणि कागदावर पुन्हा स्फटिक धरते. वेखंड, कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर कापडी पुरचुंडीत, कपाटात. अल्बममध्ये नाही, डाग पडतात.

कसर लागलेली दिसली तर: कार्डं कप्प्यांसह दोन झिप पिशव्यांत, हवा काढून, घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कार्डावर दव धरतं. हे केशरी जेलवाल्या कोरड्या डब्यात परत टाकण्याआधी करायचं.

तांबूस ठिपके पडले असतील तर ब्लीच, लिंबू, पेरॉक्साइड काहीही लावू नका. डाग फिका होतो, पण कागद कुजायला लागतो आणि शाईचे रंगही उडू शकतात.

---

मोडीवाचक

भारतात निघालेली निसर्गकार्डं आहेत का?

---

रानपिंगळा

भारतीय बाजारात ही कार्डं मिळत होती. इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया १९१० मध्ये कलकत्त्यात सुरू झाली, म्हणजे आजची आयटीसी. विल्सचा ‘सिझर्स’ ब्रँड इथे सैनिकांत फार चालत असे आणि त्याच्या कार्डांवर पलटणी वगैरे लष्करी विषय भरपूर. इथल्या दुकानांत पक्ष्या-फुलांची जी कार्डं दिसतात त्यातली बरीच इंग्लंडमधून साहेबांच्या सामानातून आलेली आहेत. इम्पीरियलची ती ओळ इथेच कामाला येते: ओळ असेल तर कार्ड ब्रिटनमध्ये निघालेलं. ‘भारतीय दुर्मीळ’ म्हणून विकत असतील तर घेऊ नका.

---

सातासमुद्रापार

फुलपाखरं सुटली की स्कॅन करून इथे टाकेन. काय सेटिंग ठेवू?

---

शिळाछाप

६०० डीपीआय पुरे, ठिपके दाखवायचे असतील तर १२००. स्कॅनरमधलं डीस्क्रीन बंद करा, ते नेमके ठिपकेच पुसतं. रंग आपोआप सुधारणारा पर्यायही बंद. मागे काळा कागद ठेवा, म्हणजे कडा आणि कोपरे खरे दिसतात. पुढची-मागची बाजू एकाच क्रमांकाने साठवा, आणि फाइलच्या नावात कंपनी, संच, कार्ड क्रमांक हवा.

तुलनेसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बर्डिकचा संग्रह आहे, तीन लाखांहून जास्त छापील वस्तूंचा. त्यातलं पुष्कळ संकेतस्थळावर बघता येतं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा अ‍ॅरेंट्स संग्रहही तसाच. शोधताना संचाचं नाव आणि एन क्रमांक दोन्ही टाका. पडद्यावरचा रंग आपल्या कार्डाशी ताडून अस्सलपणा ठरवू नका, प्रत्येक स्कॅन वेगळा येतो. ताडायचं ते पाठीच्या अक्षरांचं वळण, ओळी कुठे तुटतात ते, आणि चौकटीपासून कडेपर्यंतचं अंतर.